ईएमएफमध्ये (एक्लिप्स मॉडेलिंग फ्रेमवर्क, जावात डेटाची मॉडेलं बनवायची चौकट) एक मॉडेल फाईल कुठल्या कुठल्या फाईलींवर अवलंबून आहे ते कसं शोधायचं?

मुलुंडकर: आमचं वेळापत्रकाचं मॉडेल आहे, गाड्या एका एक्सएमआय फाईलमध्ये, स्टेशनं दुसरीत. काल स्टेशनांची फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली आणि गाडी उघडली की थांबा रिकामा दिसायला लागला. हलवायच्या आधी कोण कोणाला धरून आहे ते कळेल का? थांब्याच्या ऑब्जेक्टला ईरिसोर्स, म्हणजे तो कुठल्या फाईलमधला ते, विचारलं तर नल (काहीच नाही) येतंय.

पवईवाला: नल येणारच, कारण तिथे प्रॉक्सी आहे, म्हणजे नुसता पत्ता धरून बसलेला बदली ऑब्जेक्ट, खरा ऑब्जेक्ट लोडच झालेला नाही. त्याला ईप्रॉक्सीयूआरआय विचारा आणि ट्रिमफ्रॅगमेंट करा, म्हणजे हॅशच्या आधीचा भाग उरतो, तीच तुमची फाईल. अख्ख्या रिसोर्ससाठी (म्हणजे लोड केलेल्या अख्ख्या फाईलसाठी) इकोअरयुटिल या ईएमएफच्या क्लासमधला एक्स्टर्नलक्रॉसरेफरन्सर वापरा, बाहेर जाणारे सगळे रेफरन्स मॅपमध्ये मिळतात, फक्त तो वाटेत प्रॉक्सी रिझॉल्व्ह करतो, म्हणजे पत्त्यावरची खरी फाईल लोड करतो, म्हणून मोठ्या मॉडेलला मेमरी बरीच खातो. नुसती नावं हवी असतील तर प्रॉक्सीक्रॉसरेफरन्सर बरा, तो काही लोड करत नाही, पण आधीच रिझॉल्व्ह झालेले रेफरन्स त्यात दिसणार नाहीत.

मुलुंडकर: मिळाली! पण उलटं कसं, स्टेशनांकडे कोण कोण बोट दाखवतंय ते?

दादरकर ताई: त्याला ईक्रॉसरेफरन्सअडॅप्टर, रिसोर्ससेटला (एकत्र उघडलेल्या फाईलींच्या संचाला) लावायचा. पण तोही लोड झालेल्यांपुरतंच सांगतो हां, न उघडलेली फाईल त्याच्या गावीही नसते. म्हणून हलवायच्या आधी फोल्डरमधल्या सगळ्या फाईली एकाच रिसोर्ससेटमध्ये उघडा, रिझॉल्व्हऑल करा, मग स्टेशनांच्या रिसोर्सचा यूआरआय बदलून सगळ्याच सेव्ह करा, म्हणजे गाड्यांमधले पत्तेही नवे लिहिले जातील.