कला परिषद हवी म्हणे! कशाला?

हळदपेठ: 'कट्टेकरी' यांनी काल लिहिलंय की सांगली-मिरजेला नागरिकांची कला परिषद हवी, महापालिकेनं निधी द्यावा, परिषदेनं तो कलावंतांना वाटावा, नाहीतर सांगलीचं 'नाट्यपंढरी' हे बिरुद फक्त कमानीवर उरेल. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. परिषद म्हणजे अध्यक्ष, कार्याध्यक्ष, चार उपाध्यक्ष, आणि पत्रिकेवर नाटकाच्या नावापेक्षा मोठ्या टायपात 'शुभहस्ते'. सोफ्याच्या दोन रांगा पासवाल्यांना. तिकीट काढून आलेला खांबामागं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' नाटक केलं, ते कुठल्या परिषदेला विचारून?

विंगेतला: सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांना विचारून! त्यांनीच करायला लावलं, पदरचे पैसे घातले. १८५१ ला ते गेले आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावं लागलं. अर्धाच इतिहास का सांगता?

हळदपेठ: हिंडले म्हणूनच १८५३ ला मुंबईत तिकीट लावून खेळ झाला. मुद्दा माझाच सिद्ध केलात. आभारी आहे.

विंगेतला: तिकीट लावायला आधी नाटक बसावं लागतं ओ. राज्य नाट्य स्पर्धेची आमची तालीम एका मंगल कार्यालयाच्या भांड्यांच्या खोलीत चालायची. मी पातेल्यावर बसून प्रॉम्प्टिंग केलंय. आईच्या मरणाचा प्रवेश सुरू आणि बाहेर वरात आली. रडणाऱ्या पोरीला हसू फुटलं, मग सगळेच. लग्नतिथीला तर हाकलूनच द्यायचे. रोज संध्याकाळी दोन तास एक खोली मिळवून दिली, तरी माझ्या लेखी परिषद पावली.

जवारी: दोघांचं झालं असेल तर मिरजेकडं बघा. नावात 'सांगली-मिरज' आणि मजकुरात नुसती सांगली. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, दर्ग्याच्या उरुसात अजून गाणं होतं. बालगंधर्व रंगमंचावर पहिल्यांदा उभे राहिले तेही मिरजेत. ती ओळ कुठाय?

हळदपेठ: आलं मिरजेचं रडगाणं.

जवारी: रडगाणं? तुमच्या गायकामागं तंबोरा वाजतो तो कुठला, विचारा की कधी. माझे मामा जवारी काढायला, म्हणजे तारेला गुंजणारा नाद आणायला बसले की घरात कुणी बोलायचं नाही. घोडी, म्हणजे तारांखालची पट्टी, कानशीनं घासायची, तारेखाली दोरा सरकवायचा, तार छेडायची, ऐकून मामांची मान नाही हलली की पुन्हा कानस. अर्धा दिवस जातो त्यात. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, फोटो निघाले. मामांचा पोरगा कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्ट करतो. भोपळ्याला रंग द्यायला सुटीदिवशी येतो, तेही आईनं फोन केला तर.

हळदपेठ: वाईट आहे. पण परिषद त्याला काय पगार देणार?

जवारी: शिकणाऱ्या पोराला दोन वर्षं विद्यावेतन. जत्रेच्या कमानीवर उडवता त्यातलं देता येईल की.

विंगेतला: हे मूळ पोस्टमध्ये होतं. तिसरा परिच्छेद. कुणी वाचलाच नाही.

हळदपेठ: वाचला होता. त्याच्याखाली 'उद्घाटन सोहळा' पण वाचला! बरं, एक खोली आणि एक विद्यावेतन, एवढ्यापुरती तुमची परिषद मान्य. अध्यक्ष नको, पत्रिका नको, हार तर अजिबात नको.

विंगेतला: हार नाही तर मीटिंगला येणार कोण?

जवारी: आणि खोली मिरजेत.