आई विज्ञानाची शिक्षिका, तरी मारबतीला "घेऊन जा" म्हणते, याचा अर्थ काय लावायचा?

मानेवाडाकर:
नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहून राहिलो, सांभाळून घ्या.

माझ्या आईनं बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आमच्या घरी दाराला कधी लिंबू-मिरची लागली नाही, मांजर आडवं गेलं म्हणून कोणी थांबलं नाही. दोन वर्षांआधी बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली. तेव्हापासून औषधं, फिजिओथेरपी, बीपीची वही, सगळं आईच पाहते, एक गोळी चुकत नाही.

तर यंदा तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या नागपुरात मारबत म्हणजे बाईचा मोठा पुतळा मिरवून जाळतात तेव्हा, सकाळी सहाला जाग आली आणि खिडकीतून पाहतो तर आई फाटकाशी उभी. पोळ्याला दाराशी ठेवलेला पळसाचा मेढा, म्हणजे फांदी, हातात, आणि चांगली मोठ्यानं म्हणून राहिली, "ईडा पिडा, रोगराई, खासी खोकला घेऊन जा गे मारबत!" मग आवाज थोडा उतरला आणि म्हणाली, "यांच्या हाताचं पण ने माय."

मला गलबलून आलं आणि खरं सांगतो, राग पण आला. इतकी वर्षं आम्हाला कार्यकारणभाव शिकवला तो कुठं गेला? आतून खचली आहे का ती? हे नुसतं मनाचं समाधान म्हणायचं का? तिच्याशी बोलावं की सोडून द्यावं? मानसशास्त्रवाले कोणी असतील तर सांगा.

वाचनवेडी_धरमपेठ:
दादा, मी मानसशास्त्रात एमए केलं आहे, डॉक्टर नाही, तरी जे समजलं ते लिहिते.

जेरोम ब्रुनर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, मनाचा अभ्यास परत सुरू करणाऱ्या पन्नाशीच्या दशकातल्या मोठ्या माणसांपैकी एक. त्यांनीच १९९० मध्ये तक्रार केली की आपण मनाला माहितीवर प्रक्रिया करणारं यंत्र समजून बसलो आणि माणूस अर्थ कसा लावतो हे बघायचंच राहिलं. त्यांचं म्हणणं, सगळं रोजच्यासारखं चालू असलं की माणसाला गोष्ट लागत नाही, रोजचं मोडलं की लागते. तुमच्या घरी मोडलं. मेंदूचा रक्तपुरवठा बिघडला हे डॉक्टरांनी सांगितलं असेलच आणि तुमच्या आईला ते आपल्यापेक्षा चांगलं समजलं असेल. पण हे कसं झालं याचं उत्तर मिळालं तरी रोज उठून याच्यासोबत राहायचं कसं हा प्रश्न तसाच राहतो ना.

आणखी एक. जोन मिलर यांचा १९८४ चा अभ्यास आहे, शिकागो आणि आपल्या म्हैसूरच्या लोकांचा. कोणी असं का वागलं हे विचारलं तर अमेरिकन मोठी माणसं जास्त करून त्या माणसाचा स्वभाव सांगत आणि म्हैसूरची मोठी माणसं त्याची परिस्थिती, नातीगोती सांगत. लहान मुलांमध्ये हा फरक फारसा नव्हता, वयासोबत वाढत गेला, म्हणजे माणूस हे आजूबाजूच्यांकडून शिकतो. तुम्ही आईच्या डोक्यात विश्वास आहे की नाही हे शोधून राहिले, मला वाटते त्या सकाळी फाटकाबाहेर कोण कोण होतं ते आधी पाहा.

इतवारीवाली_काकू:
बेटा, मी सांगते कोण होतं, पूर्ण गल्ली होती. त्या दिवशी सकाळी सगळ्या बाया दाराशी येतात आणि आपापलं म्हणतात. एकीचं सांधेदुखीचं, एकीच्या पोराच्या नोकरीचं. माझ्या सासूबाई तर सावकाराचं नाव घेऊन म्हणत.

आमच्या इकडं काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. पिवळी जागनाथ बुधवारीतून येते, नेहरू पुतळ्यापाशी दोघींची भेट होते, इतकी गर्दी की पाय ठेवायला जागा नसते. मग बडगे म्हणजे छोटे पुतळे, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, ज्या वर्षी जे छळते त्याचा. नंतर जाळतात सगळं. आता सांग, बडगा जाळल्यानं महागाई जाते असं कोणाला वाटते का? तेलाचा भाव दुसऱ्या दिवशी तोच राहते. पण वर्षभर जे घशात अडकलं ते एक दिवस मोठ्यानं म्हणता येते, सगळ्यांसमोर, आणि कोणी वेडं म्हणत नाही. आईला बोलू नको काही.

निळी_पहाट:
काकूंचा मान ठेवून थोडं वेगळं सांगते. काळी मारबत म्हणजे बाकाबाई भोसले, इंग्रजांना सामील झाल्या म्हणून त्यांचा पुतळा, असं सांगतात. राजकारण सगळ्या दरबाराचं आणि शतकाहून जास्त काळ शिव्या खाऊन जळते एक बाई, हे मला लहानपणापासून खुपते. ज्या गोष्टीनं एकाचं मन मोकळं होते तिच्यात दुसऱ्या कोणाला तरी काळं केलेलं असू शकते, हे पण बोललं पाहिजे.

आमच्या घरी मारबत नाही. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होती, आईचं बोट धरून, पांढरं फ्रॉक घालून. बाविस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध, पिंडदान करणार नाही हे स्पष्ट आहे आणि आजीनं ते शेवटपर्यंत पाळलं. आजोबा गेले तेव्हा नातेवाईक म्हणत राहिले, आजी हलली नाही. पण दुःख तर होतंच ना. आम्ही पुण्यानुमोदन म्हणजे गेलेल्यासाठीचा बौद्ध विधी केला, त्रिशरण म्हटलं, आणि आजीनं गल्लीतल्या पोरांना वह्या वाटल्या कारण आजोबांची शाळा चौथीत सुटली होती. जुनं सगळं सोडूनही तिला काहीतरी हातानं करायचं होतं, चार लोकांमध्ये करायचं होतं, ते तिनं नवं उभं केलं. म्हणून दादा, आईला एकदा विचारा जरूर, पण समजून घ्यायला विचारा, उलटतपासणी नको.

मानेवाडाकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल विचारलं. आई बाबांच्या हातात रबरी बॉल देऊन दाबायला लावत होती, मान वर न करता म्हणाली, "रक्ताभिसरण मी बत्तीस वर्षं फळ्यावर काढलं, मला नको शिकवू. दोन वर्षं झाली, जो येतो तो विचारतो तब्येत कशी आहे, मी म्हणते बरी आहे. किराणावाल्याला बरी आहे, तुझ्या आत्याला बरी आहे, फोनवर तुला पण बरी आहे. त्या सकाळी बरी आहे म्हणायचं नसते."

मी फोनवर रोज "बाबा कसे?" इतकंच विचारायचो हे खरं आहे. ऑफिसातून दोन मिनिटं, उत्तर ऐकलं की ठेवायचो.

निळी_पहाट ताई, बाकाबाईंचं आईला सांगितलं, ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली नाव बदलून म्हणता येईल.

आणि बाबा सगळं ऐकून राहिले होते. अडखळत म्हणाले, पुढच्या वर्षी मला पण फाटकापर्यंत ने. म्हणजे व्हीलचेअर उतरवायला पायरीवर फळी करावी लागते, सुताराला सांगितलं आहे. काकू, मेढा दाराच्या कोणत्या बाजूला ठेवतात ते सांगून ठेवा, आईला विचारलं तर म्हणते कुठंही ठेव.