मदत हवी आहे: भद्राचलमच्या पुढे गोदावरी, आईला घेऊन

आईला गोदावरी ब्रह्मगिरीपासून समुद्रापर्यंत बघायची आहे. त्र्यंबक, पैठण, गंगाखेड, नांदेड, बासर असं टप्प्याटप्प्यानं झालं. सिरोंच्याहून काळेश्वरमही केलं. प्राणहिता येऊन मिळते तिथलं पात्र बघून आई बराच वेळ गप्प उभी होती. गंगाखेडला उन्हाळ्यात उघडी पडलेली वाळू बघितल्यावर हे पाणी बघणं फार मोठं वाटतं.

आता उरलाय भद्राचलम ते समुद्र. जानेवारीत जायचं आहे, भाड्याची गाडी असेल. आई बहात्तरची, गुडघे दुखतात. सपाटीवर काठी घेऊन चालते, पण उंच पायऱ्या किंवा डुगडुगती फळी जमणार नाही. तेलुगू आम्हा दोघांनाही येत नाही. पापीकोंडलूच्या (गोदावरीकाठच्या डोंगरांमधल्या) बोटीसाठी फोन केले, पण बोटीत चढायची सोय कशी आहे, ते नीट कळलं नाही. नकाशावरून तर काहीच समजत नाही.

धवळेश्वरमच्या खाली नदी फाटते. आम्हाला वसिष्ठा शाखेनं अंतर्वेदीला, म्हणजे ती समुद्राला मिळते तिथे, जायचं आहे, कारण लक्ष्मीनरसिंहाचं दर्शनही होईल. नरसापूरहून फेरी आहे हे माहीत आहे. ती टाळून चिंचिनाडाच्या पुलावरून गेलं तर बरं, असं वाटतं.

हल्ली जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा: पोचवरमला (पापीकोंडलूची बोट सुटते तिथे) बोटीत चढताना किती पायऱ्या किंवा उतार आहे? आणि अंतर्वेदीला देवळापासून प्रत्यक्ष संगमापर्यंत गाडी जाते, की शेवटी वाळूतून चालावं लागतं, आणि ते साधारण किती?