जुन्या फ्रेंच चित्रपटांतील स्त्री-स्त्री प्रेम: दुःखान्ताशिवाय वाट होती का?

प्रश्न
झाकलीन ओद्री यांचा १९५१ सालचा 'ऑलिव्हिया' नुकताच पाहिला आणि तो अजून मनातून जात नाही. फ्रान्समधील मुलींच्या निवासी शाळेत आलेली इंग्रज मुलगी मुख्याध्यापिका मादमोआझेल ज्युली यांच्या प्रेमात पडते. ज्युली फ्रेंच नाटककार रासीनचे नाटक वाचून दाखवतात तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते केवळ गुरुभक्ती म्हणून बाजूला सारता येत नाही. मात्र शेवटी ज्युलींबरोबर शाळा चालवणाऱ्या मादमोआझेल कारा यांचा मृत्यू होतो आणि ज्युली शाळा सोडून जातात. त्या काळच्या फ्रेंच चित्रपटांत अशा स्त्रीच्या वाट्याला याहून वेगळे काही आले आहे का?

प्रतिसाद १
आले आहे. दिग्दर्शक क्लूझो यांचा 'के दे झोर्फेव्र' (१९४७) अवश्य पाहावा. त्यातील छायाचित्रकार डोरा हिचे गायिका जेनीवर प्रेम आहे, पण जेनी विवाहित असून तिला त्याचा पत्ताही नाही. खून झालेल्या घरात जेनीची फर राहून गेली आहे हे कळताच डोरा स्वतः तिथे जाते, ती उचलते आणि बोटांचे ठसे पुसून टाकते. संपूर्ण प्रेमकथा त्या एका कृतीत आली आहे. पुढे लुई झुवे यांनी साकारलेला इन्स्पेक्टर तिला सांगतो की तुम्ही माझ्याच जातकुळीतल्या आहात, स्त्रियांच्या बाबतीत तुमचे नशीब कधी उघडणार नाही. त्या बोलण्यात उपहास नसून बरोबरीचा आदर आहे. डोरा एकटी राहते हे खरे, पण ती मरत नाही, वेडी होत नाही आणि खलनायिकाही ठरत नाही.

प्रतिसाद २
डोराविषयी सहमत आहे, तरीही मी 'ऑलिव्हिया'लाच वरचे स्थान देईन. डोरोथी बसी यांनी स्वतःच्या शाळकरी दिवसांवरून लिहिलेल्या कादंबरीचे (१९४९) हे रूपांतर दिग्दर्शिकेच्या बहिणीने, कोलेत ओद्री यांनी केले. चित्रपटात पुरुष जवळजवळ नाहीतच, त्यामुळे या प्रेमाकडे बाहेरून पाहून निवाडा करणारे कोणी उरत नाही. शेवट दुःखाचा असला, तरी ऑलिव्हियाच्या भावनेला कुठेही विकृती ठरवलेले नाही. अमेरिकेत मात्र तो 'पिट ऑफ लोनलीनेस' अशा भडक नावाने विकला गेला, याची चीड येते.

प्रतिसाद ३
काय गाळले गेले, तेही पाहायला हवे. क्लूझो यांच्याच 'ले दियाबोलिक'च्या (१९५५) मुळाशी बुआलो-नार्सझाक या लेखकद्वयाची कादंबरी आहे. तिच्यात पत्नी आणि प्रेयसी मिळून पतीला फसवतात आणि त्या दोघींचे नाते अगदी सूचक आहे. पडद्यावर येताना कट पती आणि प्रेयसीचा झाला व पत्नी बळी ठरली. ज्या दिग्दर्शकाने आठ वर्षांपूर्वी डोरा उभी केली, त्यानेच हा बदल करावा, हे मला फार खटकते.