कुत्र्याला ‘झोपवणे’, ‘दयामरण’ की आणखी काही?

खोडरबर (धागा यांचाच)
आजारी, म्हाताऱ्या कुत्र्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. मुळात ‘पुट टु स्लीप’ आहे, म्हणजे हाल थांबवायला डॉक्टरांकडून इंजेक्शनने मरण देणं. मी शीर्षक केलं, ‘कुत्र्याला कधी झोपवावं?’ आईने वाचलं आणि विचारलं, ‘का गं, रात्रीचा जागतो का?’ म्हणजे शीर्षक फसलं. ‘दयामरण’ लिहिलं की अग्रलेख वाचल्यासारखं वाटतं. तुमच्या घरात यासाठी काय म्हणतात?

काना-मात्रा
दयामरणच. झोपवणे हे इंग्रजीचं उष्टं आहे. आपण बाळाला झोपवतो, नाहीतर कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला. फक्त ‘इच्छामरण’ लिहू नका. वर्तमानपत्रं दोन्ही शब्द एकाच मापाने वापरतात, पण इच्छा मरणाऱ्याची लागते. भीष्मांची होती, कुत्र्याची कोण विचारतो?

निवृत्त मास्तर
भीष्मांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. त्यांनी वर वापरला तो मरण लांबवायला. उत्तरायणाची वाट बघत अठ्ठावन्न रात्री शरशय्येवर काढल्या. (आता कुणी युधिष्ठिराचा कुत्रा आणू नये ही विनंती.)

पांढरा कोट
जनावरांचा डॉक्टर आहे. आईंचा प्रश्न चुकीचा नाही. म्हातारपणी मेंदू थकलेली कुत्री खरंच रात्र रात्र जागतात, कोपऱ्यात तोंड घालून उभी राहतात. पत्रकात तोही भाग असेल.

दवाखान्यात यातला एकही शब्द मी ऐकत नाही. लोक म्हणतात, ‘डॉक्टर, सोडवा आता त्याला.’ नाहीतर नुसतं ‘इंजेक्शन देऊन टाका.’ हे दुसरं धोक्याचं. एका बाईंनी असंच म्हटलं आणि त्यांना दुखणं थांबवायचं इंजेक्शन हवं होतं. तेव्हापासून मी ‘मरणाचं ना?’ असं स्पष्ट विचारतो. वाईट वाटतं, पण विचारतो.

झोपवणे मलाही नको, पण कारण वेगळं. आधी गुंगीचं औषध देतो, ती खरी झोप. मग भूल देणाऱ्याच जातीचं औषध फार मोठ्या मात्रेत जातं आणि थोड्याच वेळात हृदय थांबतं. डोळे मात्र बहुधा उघडेच राहतात. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं होतं, स्नायू थरथरतात, लघवी होते. ‘शांत झोपेल’ एवढंच ऐकून जवळ बसलेला माणूस यानं हादरतो.

उंबरठा
आणि मुलं! आमच्या भाचीला सांगितलं होतं की कुत्र्याला झोपवलं. पुढे तिच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी डॉक्टर म्हणाले, ‘तुला थोडा वेळ झोपवणार आहोत.’ तिने टेबलाचा पाय धरला तो सोडेना.

काना-मात्रा
म्हणूनच म्हणतो, दयामरण.

निवृत्त मास्तर
दयामरण हे नाम झालं. क्रियापद कुठाय? ‘आम्ही त्याला दयामरण दिलं’ असं कोण बोलतं? अडचण व्याकरणातच आहे. मरणे हे त्याचं त्याचं. ते दुसऱ्याने घडवलं की मराठी थेट ‘मारणे’वर येते. मधे ‘मरू देणे’ आहे, पण त्यात आपण हात बांधून उभे. डॉक्टर काय आणि घरचे काय, हात बांधून उभे नसतात. म्हणून लोक ‘सोडवणे’कडे वळले असावेत. कुणी दुखण्यातून गेला की ‘सुटला बिचारा’ म्हणतोच. त्याचं प्रयोजक रूप आयतं तयार होतं.

जुनी वही
‘निजवणे’ घ्या की. झोपवणेपेक्षा मऊ. नीज हा निद्रेचाच तद्भव, शुद्ध घराण्यातला.

निवृत्त मास्तर
निद्रेची नीज होत नाही हो. द्र चा द होतो, हरिद्रेची हळद झाली तशी. त्या वाटेने नीद येते. ज होतो तो द्य चा: अद्यचा आज, विद्युतची वीज. नीजेचं घराणं दुसरीकडे शोधा.

जुनी वही
भाषा काय तुमच्या तक्त्यावर चालते?

उंबरठा
खोडरबर, पत्रकात ‘मालक’ लिहिताय की ‘पालक’? मालक असेल तर मी वाचणार नाही.

काना-मात्रा
पालक मुलांचे असतात. जो कुत्र्याच्या मरणाची तारीख ठरवू शकतो तो मालकच. कटू आहे, पण शब्द बरोबर आहे.

उंबरठा
तारीख ठरवताना ज्याचा आठवडाभर डोळा लागत नाही, त्याला मालक म्हणायचं?

(पुढचे अकरा प्रतिसाद पालक-मालकावर गेले. ते इथे उतरवत नाही. – खोडरबर)

खोडरबर
आणखी एक अडलंय. ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ला ‘जीवनमान’ लिहिलं तर पगार आणि घरभाडं डोळ्यांपुढे येतं. पत्रकात सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायला सांगितलेत: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. बेरीज पस्तीसच्या वर असेल तर अजून सांभाळता येतं.

पांढरा कोट
ही व्हिलालोबोस बाईंची पट्टी, त्याही जनावरांच्याच डॉक्टर. ‘जगणं कसं चाललंय’ एवढंच लिहा. मी कॅलेंडरवर रोज चांगला-वाईट दिवस खुणवायलाही सांगतो. रोज बघणाऱ्याला उतार दिसत नाही, खुणांचा दिसतो.

जुनी वही
आमच्या कुत्रीने शेवटी स्वतःच खाणं सोडलं. त्याला आपल्याकडे सुंदर शब्द आहे, प्रायोपवेशन. माणसाने मधे पडूच नये.

पांढरा कोट
प्रायोपवेशनात संकल्प असतो. मूत्रपिंडं निकामी झालेलं कुत्रं खात नाही ते मळमळतं म्हणून. वाटीजवळ जातं, वास घेतं, मान फिरवतं. त्याला शब्द सुंदर नको, ओकारी थांबायला हवी.

उंबरठा
खोडरबर, रागावू नका. हा प्रश्न भाषांतराचाच आहे का?

खोडरबर
भाषांतराचाच होता. पत्रक मला मिळालं ते ज्या दवाखान्यात, तिथे मी चौदा वर्षांच्या लॅब्राडॉरला घेऊन जाते. मागचे पाय गेलेत. गुण दिले. पहिल्यांदा एकतीस आले, मग ‘आनंदा’चे वाढवून छत्तीस केले.

पांढरा कोट
वाढवलेले पाच खोडू नका, बाजूला पहिले लिहून ठेवा. आणि तुमच्या डॉक्टरांना दोन्ही आकडे दाखवा.

खोडरबर
हो. शीर्षकाची जागा सध्या कोरी आहे.

काना-मात्रा
कोरी ठेवू नका, दयामरण लिहा.

निवृत्त मास्तर
क्रियापद, क्रियापद!

जुनी वही
मास्तर, ‘वीज’ विद्युतपासून हे मान्य. पण मग ‘निजानीज’चं काय?