टॉप सर्जरी, हार्मोन न घेता : पुण्यात करायची तर काय काय विचारून घ्यावं?

नदीकाठ
नमस्कार. वय २८, राहणं कोथरूडला, नॉनबायनरी, म्हणजे स्त्री किंवा पुरुष या चौकटीत न बसणारी व्यक्ती. टॉप सर्जरी करून छाती सपाट हवी आहे, टेस्टोस्टेरॉन नको आहे. पाळीही कायमची बंद व्हावी असं वाटतं, पण दोन्ही एकदम करावं की वेगवेगळं, हे ठरत नाही.

हार्मोन चालू नसताना सर्जन तयार होतात का? पत्र एका मानसोपचारतज्ज्ञांचं पुरतं की दोघांचं? माप डी कपच्या आसपास आहे आणि सहा-सात वर्षं बाइंडर (छाती दाबून सपाट ठेवणारं घट्ट कापड) वापरात आहे, तर बारीक छेदात काम भागेल का? स्तनाग्रं मुळीच ठेवली नाहीत तर? आई-वडील साताऱ्याला असतात, त्यांना यातलं काही माहीत नाही. त्यांच्या सहीवाचून अडेल का? घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, संडास देशी, कामाला जाणं दुचाकीवरून.

शेजारच्या खोलीतली मैत्रीण ट्रान्स स्त्री आहे. तिला सध्या फक्त अंडकोष काढून घ्यायचे आहेत, व्हजायनोप्लास्टीचं, म्हणजे योनी तयार करण्याच्या सर्जरीचं, नंतर बघू म्हणते. तिच्यासाठीही कुणी लिहिलं तर बरं होईल.

दोरा_टाका
छातीपुरतं लिहितो.

हार्मोनची अट टॉप सर्जरीला नाही. डब्ल्यूपाथ या पारलिंगी आरोग्यावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांची आठवी आवृत्ती २०२२ मध्ये आली. तिच्यात नॉनबायनरी व्यक्तींसाठी वेगळं प्रकरण आहे आणि सर्जरीसाठी एका जाणकार तज्ज्ञाचं पत्र पुरेसं मानलं आहे. दोन पत्रांची अट जुन्या सातव्या आवृत्तीतली, आणि तीही जननेंद्रियांच्या सर्जरीसाठी होती. तरीही कुणी दोन मागितली, तर वाद घालण्यात महिना घालवण्यापेक्षा दुसरं पत्र मिळवणं सोपं पडतं.

पत्रात काय लिहिलंय ते नीट वाचा, खरी अडचण तिथे होते. आधारवरचं नाव आणि वापरातलं नाव दोन्ही हवीत. निदान ‘जेंडर इन्काँग्रुअन्स’ (जन्माला ठरवलेलं लिंग आणि स्वतःची ओळख न जुळणं) असं हवं. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत हे मानसिक आजारांच्या प्रकरणात नाही, लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात आहे. तुम्ही समजून-उमजून संमती देऊ शकता, हे वाक्य हवं. आणि नेमकी सर्जरी कोणती, तेही हवं. साच्यातलं ‘स्त्रीतून पुरुष होण्यासाठी’ असं पत्र हातात पडलं तर तिथल्या तिथे बदलून घ्या. तुमची मागणी ती नाही, आणि कागद व मागणी जुळली नाही की ऐन वेळी रुग्णालय तारीख पुढे ढकलतं.

डी कपला बारीक छेद चालणार नाही. कीहोलमध्ये, म्हणजे या बारीक छेदात, आतला भाग निघतो, कातडी तेवढीच राहते. छाती लहान आणि कातडी घट्ट असेल तरच ती आपोआप आवळून बसते. तुमच्या मापाला, त्यातही बाइंडरने ताण कमी झालेल्या कातडीला, वळ्या पडून लोंबेल. स्तनाग्राभोवती गोल छेद घेण्याची पद्धतही मध्यम मापापर्यंतच बरी. तिच्यात रक्त साचण्याचं आणि दुसऱ्यांदा दुरुस्ती करावी लागण्याचं प्रमाण जास्त असतं. तुम्हाला दोन आडवे छेद लागतील. ते छातीच्या स्नायूच्या खालच्या कडेने जातात आणि व्रण कायमचे राहतात. काखेकडच्या टोकाला कातडीचा उंचवटा राहू शकतो, त्याला ‘डॉग इअर’ म्हणतात. छेद थोडा लांब घेतला तर तो टळतो. ‘व्रण लहान ठेवा’ असा आग्रह धरणाऱ्यांना नंतर तोच उंचवटा खुपतो.

आडव्या छेदांमध्ये स्तनाग्र पूर्ण सुटं करून, पातळ आणि लहान करून, नव्या जागी कलम म्हणून शिवतात. पाच-सात दिवस त्यावर दाबपट्टी असते. ती निघाल्यावर कलम काळपट दिसतं, खपली धरतं, त्याने घाबरू नका. संवेदना मात्र बरीचशी जाते. स्तनाग्रं नकोच असतील तर तसं करता येतं, उलट भरून यायच्या दोन जखमा कमी होतात. पुढे वाटलं तर टॅटूने उमटवून घेता येतात, मूळची मात्र परत येत नाहीत. म्हणून हा निर्णय संमतीपत्रावर शब्दांत लिहून घ्या, नुसत्या बोलण्यावर सोडू नका. अगदी सपाट न करता लहान करून घेणं हाही एक पर्याय आहे. तो नको असेल तर तेही स्पष्ट लिहा.

पहिल्या ४८ तासांत एकच बाजू झपाट्याने सुजली, कडक झाली, निळी पडली, दुखणं वाढलं, तर आत रक्त साचतंय. ते लगेच ओटीत नेऊन काढावं लागतं. म्हणून ‘रात्री दोनला असं झालं तर मला बघायला कोण येणार?’ हे सर्जनना आधीच विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे दाखवा.

निकोटीन किमान चार ते सहा आठवडे आधीपासून पूर्ण बंद. सिगारेट तर आलीच, पण मशेरी, तंबाखू, गुटखा, निकोटीनचं च्युइंग गम, सगळंच. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि छेदाची कड किंवा कलम काळं पडून सडतं. मशेरीला व्यसनात न धरणारे लोक इथेच फसतात.

काढलेला भाग बायॉप्सीला पाठवा. घरात स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर सर्जरीच्या आधीच सांगा. थोडी ऊती मागे राहतेच, त्यामुळे पुढेही गाठ लागली तर दाखवायचं.

ओवी_२७
पाळीबद्दल. कृपया हे सावकाश वाचा.

तुम्ही टेस्टोस्टेरॉन घेणार नसाल तर अंडाशय काढू नका. गर्भपिशवी आणि दोन्ही नलिका काढल्या की पाळी जाते. अंडाशय ठेवले की हाडांना लागणारं इस्ट्रोजेन मिळत राहतं. अंडाशय काढून बाहेरून कुठलंच हार्मोन घेतलं नाही, तर अठ्ठाविसाव्या वर्षी रजोनिवृत्ती येते आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. ‘सगळं एकदाच काढून टाकू’ असं कुणी म्हणालं तर हा प्रश्न विचाराच. गर्भाशयमुखही काढणार का, हेही विचारा. ते ठेवलं तर महिन्याला थोडा डाग दिसत राहू शकतो आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची पॅप तपासणी चुकत नाही.

टॉपबरोबर एकाच भुलीत करता येतं, पण माझं मत वेगवेगळं करावं, मध्ये तीनेक महिने ठेवावेत. कारण साधं आहे. छातीच्या सर्जरीनंतर हातांवर जोर देऊन उठता येत नाही. पिशवी काढल्यावर पोटावर जोर देऊन उठता येत नाही. दोन्ही एकदम झालं तर पलंगावरून उठायचं कशाच्या आधाराने?

तोवर पाळी थांबवायची असेल तर दोन पर्याय स्त्रीरोगतज्ज्ञांकडे विचारा. लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू, म्हणजे मिरेना, गर्भाशयात बसवतात. तिने अनेकांची पाळी वर्षभरात बंद होते किंवा नावापुरती उरते. दुसरं, दर तीन महिन्यांचं इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ नावाने मोफत मिळतं. सुरुवातीला अवेळी रक्तस्राव होतो, आणि वर्षानुवर्षं घेतल्यास हाडांची घनता कमी होते, म्हणून ते सर्जरीपर्यंतचा आधार इतकंच धरा.

पिशवीची सर्जरी दुर्बिणीतून होते, पोटावर तीन-चार बारीक छेद, एक-दोन दिवस मुक्काम. आत योनीच्या टोकाला टाके असतात. आठ आठवडे आत काहीही घालायचं नाही आणि वजन उचलायचं नाही. अचानक पाण्यासारखा लोट आला किंवा ताजं रक्त आलं तर थेट रुग्णालयात.

कागदपत्रं_आधी
सहीबद्दल : तुम्ही सज्ञान आहात, संमती तुमचीच. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान, शुद्धीत असलेल्या रुग्णाची स्वतःची संमतीच धरली, आईने दिलेली नाही. रुग्णालय ‘नातेवाईक आणा’ म्हणतं तेव्हा त्यांना बहुतेकदा सोबत राहणारं आणि डिस्चार्जला नेणारं कुणी हवं असतं. ती व्यक्ती मैत्रीण असू शकते. दाखल होण्याच्या आठवडाभर आधी प्रशासनाला लेखी कळवा, दाखल व्हायच्या सकाळी नाही.

विमा : पॉलिसीच्या अपवादांत ‘एक्सक्ल ०७’ शोधा. लिंगबदल उपचारांच्या अपवादाचा तो प्रमाणित क्रमांक आहे. तो असेल तर कॅशलेस नाकारलं जाणार हे धरून चाला. आयुष्मान भारत टीजी प्लसची घोषणा ऑगस्ट २०२२ मध्ये झाली, वर्षाला ५ लाखांपर्यंत, पारलिंगी ओळख प्रमाणपत्र असलेल्यांसाठी. ज्या रुग्णालयात करायचं तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनांच्या मदतनीसाला, गाठा आणि ‘तुमच्याकडे या सर्जरीचं पॅकेज लागू आहे का’ इतकंच विचारा. योजना असणं आणि त्या रुग्णालयात ती चालू असणं या दोन गोष्टी आहेत. प्रमाणपत्राचा अर्ज पारलिंगी व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवरून होतो. अर्जाआधी तिथला चालू नियम वाचा.

खर्चाचा अंदाज लेखी घ्या, आणि त्यात सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, खोली, प्रेशर वेस्ट (नंतर छातीवर घालायचं घट्ट जाकीट), बायॉप्सी आणि दुरुस्तीची दुसरी सर्जरी हे वेगवेगळं लिहायला लावा. शेवटची बाब बहुतेक अंदाजांत गाळलेली असते.

माई_येरवडा
मैत्रिणीसाठी.

अंडकोष काढण्याची सर्जरी लहान आहे. मधोमध एक छेद, विरघळणारे टाके, बहुतेकदा त्याच दिवशी घरी. पण तिच्यामागे तीन गोष्टी येतात.

पहिली, शुक्राणू जपून ठेवायचे असतील तर आधी. इस्ट्रोजेन चालू असेल तर संख्या घटलेली असते. डॉक्टरांच्या देखरेखीत ते काही महिने थांबवून पाहावं लागतं.

दुसरी, नंतर स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरोनसारखी अँड्रोजेन रोखणारी गोळी सहसा लागत नाही, इस्ट्रोजेन मात्र कायम लागतं. ते कोणतं, हे बघा ग. माला-डी किंवा डायान-३५ या गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर आजच एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, जा. त्यांत एथिनिल इस्ट्राडायोल असतं, त्याने रक्ताच्या गुठळीचा धोका एस्ट्राडायोलपेक्षा बराच जास्त. सर्जरीआधी भूलतज्ज्ञांना प्रत्येक गोळीचं नाव सांगायचं, मेडिकलमधून स्वतःहून आणलेलीचंही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची : व्हजायनोप्लास्टी पुढे करायची असेल तर सर्जनला आत्ताच सांगा. अंडकोषाची पिशवी रिकामी राहिली की कातडी आक्रसते, आणि तीच कातडी पुढे आतल्या अस्तरासाठी लागते. कातडी कमी पडली तर मोठ्या आतड्याचा तुकडा किंवा पोटातल्या पडद्याचं अस्तर वापरतात. आतड्याने खोली चांगली मिळते, पण पोटाची मोठी सर्जरी आणि नंतर सतत स्राव. निर्वाण, म्हणजे हिजडा समाजातली जननेंद्रियं काढून टाकण्याची पारंपरिक रीत, दाईकडून करून घेतलेल्यांचीही हीच अडचण असते, कातडी उरलेलीच नसते, शिवाय लघवीचं तोंड आवळतं. त्यांनीही येऊन दाखवावं, वाट निघते.

त्या कातडीवरचे केस काढायला आत्तापासून सुरुवात करा. लेझर काळ्या केसांवर चालतो, पांढऱ्यांना इलेक्ट्रॉलिसिसच (विजेने एकेका केसाचं मूळ नष्ट करणं) लागतं. दर सहा-आठ आठवड्यांनी एक बैठक, वर्ष जातं. राहिलेले केस आत वाढतात, गुंता आणि संसर्ग होतो, तिथून काढणं फार कठीण.

आणि डायलेशनची, म्हणजे नवी योनी आवळू नये म्हणून आत दांडी घालून ठेवण्याची, तयारी मनाने आधी करा. पहिले तीन महिने दिवसातून तीनदा, दर वेळी १० ते ३० मिनिटं, पाण्यावर आधारित जेल लावून. मग दोनदा, मग एकदा, पुढे आठवड्यातून एक-दोनदा, कायम. पहिल्या तीन महिन्यांतला आळस नंतर भरून निघत नाही, जागा आवळते. ज्यांना आत प्रवेश नकोच आहे त्यांना व्हल्व्होप्लास्टी असते : बाहेरचं रूप तसंच, आत पोकळी नाही, डायलेशन नाही, पूर्ण आयुष्य त्यात छान जातं. प्रोस्टेट कुठल्याही पद्धतीत आतच राहते. पन्नाशीनंतर तिची तपासणी विसरू नये.

नदीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. अंडाशय ठेवायचे आणि दोन्ही वेगवेगळं करायचं, इतकं पक्कं झालं. सर्जरीनंतर घरात कसं निभवावं?

दोरा_टाका
दोन मजले चढणं तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चालतं, हळू आणि कठड्याला न ओढता. देशी संडासात बसणं अडत नाही, उठताना नळ किंवा दार धरून ओढणं अडतं, त्याने टाक्यांवर ताण येतो. भाड्याची कमोड खुर्ची आणून ठेवा. सर्जरी खालच्या भागाची असेल तर उकिडवं बसणं सहा आठवडे बंद.

पाठीला दोन-तीन उशा लावून अर्धवट बसत झोपा. डबे, चहा, चार्जर सगळं कमरेच्या उंचीवर काढून ठेवा. पुढून बटणं असलेले शर्ट चार. प्रेशर वेस्ट दोन घ्या, पावसाळ्यात एक वाळत नाही आणि ओल्या वेस्टखाली बुरशी धरते. ड्रेनच्या (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्यांच्या) बाटल्या सकाळ-रात्र ठरल्या वेळी रिकाम्या करून मिली वहीत लिहा, दोन्ही बाजू वेगळ्या. २४ तासांत ३०च्या खाली आलं की सहसा काढतात. एका बाजूचा आकडा अचानक वाढला किंवा अचानक शून्य झाला तर फोन करा. शून्य म्हणजे सुकलं असं नाही, नळी गुठळीने अडलेली असू शकते.

दुचाकी सहा आठवडे नाही. हँडलला लागणारा जोर आणि कर्वे रोडचे खड्डे दोन्ही छेदांवर येतात. रिक्षातही पहिले पंधरा दिवस छातीशी उशी धरून बसा. पोटरी एकाच पायाची सुजली किंवा दम लागला तर रिक्षा नको, १०८ला फोन करा.