पणजीच्या मध्यभागी आधी गटार की आधी फरसबंदी?

मांडवीकाठ
18 जून मार्ग, चर्च चौक, आझाद मैदान या पट्ट्यात महापालिकेने पेव्हरचे (काँक्रीटच्या फरसबंदी ठोकळ्यांचे) रस्ते-पदपथ आधी करावेत की पावसाळी गटारे, हा प्रश्न आहे. माझे मत: गटारे आधी, आणि गटारातही सुरुवात तोंडापासून, म्हणजे ते मांडवी नदीत जिथे उघडते तिथून.

हिशेब बघा. ताशी 60 मिमी पाऊस कोसळला तर छपरे आणि डांबराने झाकलेल्या एक हेक्टरवरून सेकंदाला सुमारे 150 लिटर पाणी निघते. 600 मिमीचा पाईप 1:500 उतारावर भरून वाहिला तरी 275 लिटर नेतो, म्हणजे दोन हेक्टरचेही पाणी त्याला झेपत नाही. बरे, सपाट शहरात तो उतार आणायचा कुठून? अर्धा किलोमीटर गेल्यावर पाईपचा तळ एक मीटर खाली उतरतो. वरचे मातीचे आच्छादन आणि पाईपची उंची धरली तर टोक भरतीच्या पातळीखाली जाते. मग नदीच आत शिरते. अशा ठिकाणी वर नवे पेव्हर घालणे म्हणजे दोन पावसाळ्यांत उखडायचे काम आधीच करून ठेवणे.

चिरेबंदी
असहमत. गटार आज आणि फरसबंदी तीन वर्षांनी, असे ठरले की रस्ता दोनदा खणला जाणार. पणजीत खणायला वेळ तरी किती मिळतो? पाऊस ऑक्टोबरपर्यंत, नोव्हेंबरात इफ्फी चित्रपट महोत्सव, मग नाताळ, पुढे कार्निव्हल आणि शिगमो, मे संपता संपता पुन्हा पाऊस. एका गल्लीचे सगळे काम एकाच हंगामात उरकले पाहिजे: आधी मलनिस्सारण, मग पाणी, मग वीज नि केबलची डक्ट, मग गटार, शेवटी पेव्हर. क्रम उलटा झाला की नव्या कामातून जुनी जोडणी शोधत बसावे लागते.

शिवाय गटाराची भिंत हाच पेव्हरचा कडेचा आधार असतो. दोन्हींची पातळी एकाच नकाशावर काढली तर रस्त्याला अडीच टक्के उतार नेमका गटाराच्या जाळीकडे देता येतो. वेगवेगळ्या ठेकेदारांना दिले की जाळी रस्त्यापेक्षा दोन सेंटीमीटर वर राहते आणि पाणी तिच्या शेजारी तुंबते.

मांडवीकाठ
एकत्र करायला माझी हरकत नाही, पण तोंड झाल्यावर. पेव्हर का उखडतात ते पाहा. गाड्यांच्या रस्त्यावर एम-40 ताकदीच्या काँक्रीटचा 80 मिमी जाड पेव्हर, खाली 30 मिमी जाडसर वाळू आणि त्याखाली 250 मिमी दाबलेली खडी ही साधारण रचना. खालून पाणी चढले की वाळू ओली राहते, बसच्या चाकाखाली पाणी सांध्यांतून उसळते आणि वाळू घेऊन जाते. पेव्हर डुलायला लागतात, कोपरे तुटतात. ती वाळू जाते कुठे? त्याच गटारात! काही ठेकेदार वाळूऐवजी क्रशरची बारीक भुकटी टाकतात. ती पाणी धरून ठेवते आणि थर आणखी लवकर खचतो.

खाजनराखण
दोघेही पाण्याला एकाच मापाने मोजताहात. आल्तिनो टेकडीवरून उतरणारे पाणी वेगळे आणि सखल भागाचे वेगळे. टेकडीच्या पाण्याला उंचीचे बळ असते. ते पायथ्याशीच अडवून बंद पाईपने नदीपर्यंत नेले तर भरतीतही आपल्या दाबाने बाहेर पडते. मात्र त्या पाईपला वाटेत सखल रस्त्याची एकही जाळी जोडता कामा नये, नाहीतर टेकडीचे पाणी तिथूनच वर येईल.

मग खाली राहते फक्त मळा हा सखल भाग आणि बाजारपट्टा यांचे पाणी. त्याला तोंडाशी झडप हवी. गोव्याच्या खाजनांत, म्हणजे बांध घालून राखलेल्या नदीकाठच्या सखल शेतांत, मानस हे बांधातले दार हेच काम कित्येक पिढ्यांपासून करते: भरतीला दार मिटते, ओहोटीला उघडते. पण फळीत नारळाचे सोडण किंवा प्लास्टिक अडकले की दार अर्धे उघडे राहते, म्हणून आतल्या बाजूला कचरा अडवणारी जाळी आणि ती रोज काढणारा माणूस पाहिजेच. दार बंद असताना तसाच ताशी 60 मिमी पाऊस आला तर 10 हेक्टरवरून तासाभरात 54 लाख लिटर पाणी साचते. ते ठेवायला तळे नाही, म्हणजे पंप आलेच. सेकंदाला 500 लिटर पाणी चार मीटर उचलायला साधारण 28 किलोवॉट लागतात. असे तीन पंप, चौथा राखीव, आणि डिझेल जनरेटर. वादळी पावसात वीज जातेच, आणि पंप नेमके तेव्हाच हवे असतात.

बाजारपेठ
पाणी जमिनीत मुरवणारे पेव्हर घातले तर एवढ्या पंपांची गरज उरेल का?

खाजनराखण
मेच्या पहिल्या सरीत फायदा दिसेल. जुलैत नदीकाठची जमीन आधीच भरलेली असते, भूजल हाताच्या अंतरावर. मुरायला जागाच नाही. आल्तिनोच्या चढावर, जांभ्यावर, ते करून बघण्यासारखे आहे.

बाजारपेठ
ठीक. पण रस्त्याची उंची कोणी बोलत नाही. जुने डांबर न खरवडता वर 50 मिमीचा नवा थर टाकायचा, हे तीनदा झाले की रस्ता 15 सेंटीमीटर वर येतो आणि जुन्या घरांचे उंबरे खाली जातात. पेव्हरचा प्रस्ताव आणताना प्रत्येक उंबऱ्याची पातळी नकाशावर लिहून घ्या आणि तयार रस्ता त्याखाली किमान 15 सेंटीमीटर ठेवा.

चिरेबंदी
हे मान्य, निविदेतच ही अट हवी. गटाराच्या झाकणांचेही तसेच. 600 बाय 450 मिमीचे, 75 मिमी जाडीचे काँक्रीटचे झाकण 50 किलोचे भरते, दोन कामगार आकड्याने उचलू शकतात. लांबलचक स्लॅब एकसंध ओतला की गाळ उपसायला तो फोडावा लागतो. दर 30 मीटरला 450 मिमी खोल गाळाचा खड्डा ठेवा. तरीही, मांडवीकाठ, पंप उभे राहीपर्यंत एकाही गल्लीला हात लावायचा नाही, हे मला पटत नाही. टेकडीच्या पायथ्याच्या गल्ल्या तोंडावर अवलंबून नाहीत, त्या याच डिसेंबरात घेता येतील.

मांडवीकाठ
त्या घ्या. पण 18 जून मार्गाच्या फरसबंदीची निविदा झडप आणि पंपांची चाचणी भरतीच्या वेळी झाल्याशिवाय काढू नये, एवढ्यावर मी ठाम आहे.